मेदपेशीची चरबी शेजारच्या कॅन्सरच्या पेशीत जाते का, हे रामनने बघायचंय? मग पहिल्यापासून असं करा

लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना मी हे सगळं तोंडी सांगत असते, पण तोंडी सांगताना निम्मं राहून जातं आणि नेमकं ते राहिलेलं निम्मंच प्रयोग बिघडवतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतेय. ज्यांनी पेशी वाढवल्यात पण रामन मशीनला (लेझरच्या प्रकाशावरून रेणू ओळखणाऱ्या मशीनला) कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी, आणि जे फिजिक्समधून आलेत आणि पेशी म्हटलं की घाबरतात त्यांच्यासाठीही.

कॅन्सरची गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात. त्यांच्या भोवती फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधाराचं जाळं विणणाऱ्या पेशी, असतात, रोगप्रतिकारक पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, चरबी साठवणाऱ्या मेदपेशी असतात, आणि या सगळ्यांची आपापसात सतत देवाणघेवाण चालू असते. एकाने टाकलेलं लॅक्टेट दुसरा उचलतो, कुणी ग्लुटामिन पुरवतं, कुणी चरबी. अंडाशयाचा कॅन्सर पोटातल्या ओमेंटम नावाच्या चरबीच्या पदरावर जाऊन बसतो हे सर्जन लोकांना आधीपासून दिसत होतंच, २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की तिथल्या मेदपेशी साठवलेली चरबी सोडतात आणि कॅन्सरच्या पेशी ती उचलून वाढीसाठी वापरतात. मी याच जोडीवर काम करते, म्हणून खालची सगळी उदाहरणं मेदपेशी आणि अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी यांचीच आहेत. तुमची जोडी वेगळी असेल तरी क्रम हाच ठेवा.

एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण माझे पाच महिने त्यात गेले. कॅन्सरच्या पेशीत खूण लावलेली चरबी दिसली म्हणजे ती शेजाऱ्याने दिली असं सिद्ध होत नाही. ती कुठून आली हे दाखवणं हाच खरा प्रयोग, स्पेक्ट्रम, म्हणजे परत आलेल्या प्रकाशाचा आलेख, काढणं हे त्यातलं सोपं काम.

१. आधी रेणू ठरवा, मग मशीन

बहुतेक जण उलटं करतात. डिपार्टमेंटला रामन आहे म्हणून रामन. पण प्रत्येक पद्धतीला प्रत्येक रेणू दिसत नाही.

रामनमध्ये लेझरचा प्रकाश नमुन्यावर टाकतात, त्यातला अगदी थोडा, साधारण एक कोटी फोटॉनमागे एखादा, रेणूच्या कंपनाला ऊर्जा देऊन रंग बदलून परत येतो. १९२८ मध्ये कलकत्त्याला सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी जे पाहिलं ते हेच. सिग्नल इतका अशक्त असल्यामुळे तुमचा रेणू एका जागी भरपूर साठलेला असावा लागतो. चरबी पेशीत थेंबांच्या रूपात गच्च साठते, म्हणून ती रामनला सुंदर दिसते. लॅक्टेट सगळीकडे पसरलेलं, पातळ, आणि आलं तसं वापरलं जाणारं, ते साध्या रामनने पेशीच्या आत बघायचा हट्ट करू नका.

लॅक्टेटची देवाणघेवाण बघायची असेल तर एनएडीएच या पेशीच्या ऊर्जेच्या कामातल्या रेणूच्या चमकेचा आयुष्यकाळ मोजणारी एफएलआयएम पद्धत बघा. त्यात कुठलाही रंग घालावा लागत नाही, मोकळं एनएडीएच साधारण ०.४ नॅनोसेकंदात विझतं आणि एन्झाइमला चिकटलेलं दोन नॅनोसेकंदांहून जास्त टिकतं, त्या प्रमाणावरून पेशी ऊर्जेसाठी ग्लायकोलिसिसकडे (नुसती साखर तोडण्याकडे) झुकलीय की मायटोकॉन्ड्रियाकडे (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीकडे) याचा अंदाज येतो. पण ती पद्धत पेशीची अवस्था सांगते, माल कुठून आला ते सांगत नाही. एफटीआयआरवाल्यांना, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला गेला ते मोजणाऱ्यांना, पाण्याचा त्रास, १६४० वेव्हनंबरच्या (कंपन मोजायचं एकक, प्रति सेंटिमीटर; पुढचे असे आकडेही त्यातच) आसपास पाणी सगळं झाकून टाकतं. रामनमध्ये पाणी बरंच गप्प असतं म्हणून ओल्या, जिवंत पेशी जमतात.

म्हणजे चरबी असेल तर रामन, आणि चरबीला खूण म्हणून ड्युटेरियम. साध्या हायड्रोजनऐवजी दुप्पट वजनाचा हायड्रोजन. स्प्रिंगला जड वजन टांगलं की ती सावकाश हलते तसं कार्बन-हायड्रोजनचं २९०० वेव्हनंबरजवळचं कंपन कार्बन-ड्युटेरियम झाल्यावर २१०० च्या आसपास उतरतं. आणि १८०० ते २८०० या पट्ट्यात पेशीचं स्वतःचं जवळजवळ काहीच नसतं. रिकाम्या मैदानात एकटा माणूस उभा राहावा तसा तो पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, दिसतो. शिवाय फ्लुरोसंट खुणेसारखं मोठं शेपूट रेणूला जोडावं लागत नाही, त्यामुळे पेशी त्या चरबीला जवळपास नेहमीच्याच चरबीसारखं वागवते.

इथे एक गैरसमज. पुष्कळ जण म्हणतात जड पाणीच घालू ना, स्वस्त पडतं. जड पाण्याने पेशी स्वतः नव्याने काय बनवतेय ते कळतं, कारण डिशमधली प्रत्येक पेशी ते पिते. कुणी कुणाला दिलं हे त्यातून कळत नाही. देणाऱ्याच्याच हातात खूण द्यायची असेल तर आधी लेबल केलेलं फॅटी ॲसिडच लागतं.

२. कागदपत्रं आणि सामान

हे आधी गोळा करा, कारण बाहेरून येणाऱ्या केमिकलला महिना दीड महिना सहज जातो आणि तोवर तुमच्या पेशी म्हाताऱ्या होतात.

कागदपत्रं:
– संस्थेच्या बायोसेफ्टी समितीची मंजुरी
– रुग्णाचा टिश्यू वापरणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि संमतीपत्राचा नमुना. पहिल्या वर्षी हे टाळा, सेल लाइनवर, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या तयार पेशींवर, हात बसू द्या
– सेल लाइन कुठून आणली त्याचा कागद, एसटीआर तपासणीचा (पेशी त्याच आहेत ना हे बघणाऱ्या डीएनए चाचणीचा) रिपोर्ट आणि तुमच्या लॅबमधला ताजा मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे जिवाणू) रिपोर्ट. पुण्याच्या एनसीसीएसची सेल रिपॉझिटरी आहे, शेजारच्या लॅबमधून अर्धी फ्लास्क मागून आणण्यापेक्षा तिथून रीतसर घ्या
– लेझर सेफ्टीचं ट्रेनिंग झाल्याची सही, आणि त्या वेव्हलेंग्थचाच चष्मा. ५३२ नॅनोमीटरचा चष्मा ७८५ ला चालत नाही

सामान:
– ३टी३-एल१ पेशी, म्हणजे उंदराच्या कच्च्या मेदपेशी, आणि एसकेओव्ही-३, म्हणजे माणसाच्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी
– डी-३१ पामिटिक ॲसिड, म्हणजे ड्युटेरियमची खूण लावलेलं फॅटी ॲसिड, आणि फॅटी ॲसिड काढलेला बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन
– ०.४ मायक्रॉन छिद्रांचे इन्सर्ट, म्हणजे डिशमध्ये वर बसणारे, तळाला जाळी असलेले छोटे कप
– क्वार्ट्झ किंवा कॅल्शियम फ्लोराइडच्या चकत्या
– फिनॉल रेड हा रंग नसलेला मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव
– पाण्यात बुडणारं ऑब्जेक्टिव्ह, ६० किंवा ६३ एक्स, एनए १.०
– सिलिकॉनचा तुकडा, पॉलिस्टायरीनचा तुकडा

काचेच्या साध्या कव्हरस्लिपवर पेशी वाढवू नका. काचेचा स्वतःचा रुंद सिग्नल पेशीच्या सिग्नलवर चढतो. मी पहिल्यांदा नमुना घेऊन गेले तेव्हा आमच्या इन्स्ट्रुमेंट रूममधल्या काकांनी डिश उजेडात धरली आणि म्हणाले, "अगं, खाली काच आहे ना ही? मग पेशीचा नाही, काचेचाच स्पेक्ट्रम घेऊन जाशील." कॅल्शियम फ्लोराइड महाग आहे पण त्याचा एकच पीक, ३२१ च्या जवळ, तो आपल्या वाटेत येत नाही. क्वार्ट्झ मधला मार्ग आहे. चकत्या पुन्हा पुन्हा वापरता येतात, फक्त धुताना चिमट्याने कडेला अगदी हलकेच धरा, कॅल्शियम फ्लोराइड कडेने पटकन तुटतं.

३. मेदपेशी तयार करा

३टी३-एल१ वाढवताना फ्लास्क कधीही पूर्ण भरू देऊ नका. एकदा भरू दिली की त्यातल्या मेदपेशी व्हायची ताकद असलेल्या पेशी कमी होत जातात आणि पुढच्या खेपेला थेंबच येत नाहीत. वाढवताना बछड्याचं सीरम, मेदपेशी बनवताना गर्भाचं सीरम, ही अदलाबदल विसरू नका. कमी पॅसेजच्या, म्हणजे कमी वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवलेल्या, पेशी वापरा.

इन्सर्टमध्ये पेशी गच्च भरू द्या, भरल्यावर आणखी दोन दिवस थांबा. मग पेशींना मेदपेशी व्हायला लावणारं मिश्रण, आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर, डेक्सामेथासोन १ मायक्रोमोलर आणि इन्सुलिन, हे दोन दिवस. नंतर दोन दिवस नुसतं इन्सुलिन. त्यानंतर साधा मीडिया, दर दोन दिवसांनी बदला. आठव्या ते दहाव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पेशी गोलसर होऊन आत द्राक्षाच्या घोसासारखे चकचकीत थेंब दिसायला लागतात. मीडिया बदलताना पिपेट भिंतीला टेकवून हळू सोडा, या पेशी चरबीने हलक्या झालेल्या असतात, जोराने सोडलात तर चादर उठावी तसा अख्खा थर उठून येतो.

मेदपेशी वरच्या इन्सर्टमध्ये आणि कॅन्सरच्या पेशी खाली चकतीवर, अशीच मांडणी ठेवा. कारण साधं आहे. मेदपेशी फुटली तर तेलाचा थेंब पाण्यापेक्षा हलका, तो वर तरंगतो. उलटी मांडणी केलीत तर तो वरच्या जाळीला आणि तिथल्या कॅन्सरच्या पेशींना जाऊन चिकटतो आणि तुम्हाला वाटतं पेशीने चरबी घेतली. ०.४ मायक्रॉनच्या छिद्रातून पेशी जात नाहीत, रेणू आणि छोटे व्हेसिकल (पेशींनी सोडलेल्या बारीक पिशव्या) जातात.

४. खूण लावलेली चरबी मेदपेशींना खाऊ घाला

पामिटिक ॲसिड पाण्यात विरघळत नाही, ते बीएसएच्या खांद्यावर बसवूनच द्यावं लागतं. ते कोमट इथेनॉलमध्ये विरघळवा, ३७ अंशांवरच्या बीएसएमध्ये थेंब थेंब सोडत हलवत राहा. एका बीएसएमागे तीन-चार रेणूंपेक्षा जास्त चढवू नका. द्रावण उजेडासमोर धरून बघा. स्वच्छ असेल तर ठीक, दुधी दिसलं किंवा तळाला पांढरे कण फिरताना दिसले तर टाकून द्या, गरम करून वाचवायचा प्रयत्न करू नका, ते कण पेशीवर बसले की मशीनखाली हुबेहूब चरबीच्या थेंबासारखे दिसतात.

१०० ते २०० मायक्रोमोलर, २४ तास. सोबत तेवढीच मात्रा साध्या, लेबल नसलेल्या पामिटिक ॲसिडची दुसऱ्या इन्सर्टला द्या, हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, पुढे लागतो. नुसतं पामिटेट जास्त झालं तर पेशींना त्रास होतो, तसं दिसलं तर मात्रा कमी करा आणि सोबत थोडं साधं ओलिक ॲसिड द्या.

५. धुणं, आणि रिकामा इन्सर्ट

ही पायरी दोनदा वाचा.

मी सुरुवातीला मेदपेशींना लेबल खाऊ घातलं, पीबीएसने (पेशींना मानवणाऱ्या मिठाच्या पाण्याने) तीनदा धुतलं, कॅन्सरच्या पेशींवर ठेवलं, दोन दिवसांनी मोजलं. २१०० ला देखणा पीक. पाच महिने वेगवेगळ्या वेळा, वेगवेगळ्या मात्रा, सगळं मोजत गेले, आलेख इतका छान चढत होता की लॅब मीटिंगमध्ये सगळे खूश. मग आमच्या मॅडमनी विचारलं, मेदपेशी नसलेला इन्सर्ट लावून बघितलास का? मी लावला. त्यात एकही पेशी नव्हती, फक्त तेच लेबल २४ तास, तेच तीनदा धुणं. दोन दिवसांनी खालच्या कॅन्सरच्या पेशीवर लेझर ठेवला, आणि स्क्रीनवर २१०० ला तोच पीक उभा राहिला. उंचीने थोडा कमी, पण तोच.

फॅटी ॲसिड प्लास्टिकला आणि जाळीला चिकटून बसतं. पीबीएसमध्ये ते सुटत नाही कारण पीबीएसमध्ये त्याला धरणारं काही नाही. नंतर सीरम असलेला मीडिया घातला की त्यातला अल्ब्युमिन ते हळूहळू सोडवतो आणि खालच्या पेशी ते घेतात. म्हणजे मी जे पाच महिने मोजलं त्यातला मोठा भाग प्लास्टिकने दिलेला होता. तो सगळा डेटा आम्ही बाजूला ठेवला.

आता मी असं करते, तुम्हीही करा:
– धुण्याच्या मीडियात फॅटी ॲसिड नसलेला बीएसए घाला, साधारण १ टक्का, आणि ३७ अंशांवर दहा-दहा मिनिटं ठेवून तीन-चार वेळा धुवा. पटकन ओतून काढणं म्हणजे धुणं नाही
– मग लेबल नसलेल्या मीडियात २४ तास ठेवा, त्या काळात एकदा मीडिया बदला. मोकळं फॅटी ॲसिड संपतं आणि उरतं ते थेंबात साठलेलं
– प्रत्येक खेपेला, म्हणजे खरोखर प्रत्येक, रिकामा इन्सर्ट तसाच लेबल करून, तसाच धुऊन, कॅन्सरच्या पेशींवर लावा
– शक्य असेल तर मेदपेशी नव्या इन्सर्टमध्ये हलवता येतील का बघा. मला जमलं नाही, त्या हलवताना फुटतात, पण फायब्रोब्लास्टसारख्या दणकट पेशी घेणार असाल तर नक्की हलवा, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो

रिकाम्या इन्सर्टखाली जो पीक येतो तो तुमचा शून्य. बाकी सगळं त्याच्या वर.

६. एकत्र ठेवा

कॅन्सरच्या पेशी चकतीवर आदल्या दिवशी विरळ पेरा, एकेक पेशी सुटी दिसली पाहिजे. मग इन्सर्ट ठेवा, २४ आणि ४८ तास. एका खेपेला डिश अशा लागतात: लेबल केलेल्या मेदपेशी, लेबल नसलेल्या मेदपेशी, रिकामा लेबल केलेला इन्सर्ट, काहीच नसलेल्या एकट्या कॅन्सरच्या पेशी, आणि एक डिश जिच्यात मेदपेशींवरून उचललेला मीडिया घातलाय. शेवटच्या डिशने हे कळतं की दोन्ही बाजूंचं बोलणं लागतं की मेदपेशी एकट्याही चरबी सोडतात.

सुरुवातीला पेशी फिक्स करूनच, म्हणजे रसायनाने आहे तशा गोठवूनच, मोजा. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, १५ मिनिटं, मग पीबीएसमध्ये फ्रिजमध्ये. मिथेनॉल अजिबात नको, चरबी विरघळून जाते. चकती वाळूही देऊ नका, वाळली की थेंब एकमेकांत मिसळतात. हात बसला की मग जिवंत पेशी.

७. मशीनवर बसण्याआधी

५३२ की ७८५? टिश्यूवाले बहुतेक ७८५ वापरतात कारण त्याला पार्श्वभूमीची चमक कमी येते, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, तोंडाच्या कॅन्सरवर रामनचं पुष्कळ काम झालंय, ते वाचताना हे दिसेल. पण आपल्याला २१०० आणि २९०० दोन्ही हवेत. ७८५ ने २९०० चा सिग्नल १०१६ नॅनोमीटरला जाऊन पडतो आणि तिथे सिलिकॉनचा कॅमेरा जवळपास आंधळा असतो. ५३२ ने तोच ६२९ ला पडतो, कॅमेऱ्याच्या ऐन ताकदीच्या जागी. शिवाय वेव्हलेंग्थच्या चौथ्या घाताच्या हिशोबाने ५३२ ला सिग्नल पावणेपाच पट. म्हणून सुट्या पेशींसाठी ५३२, टिश्यूच्या जाड कापासाठी ७८५ असं मी धरते.

सकाळी लेझर लावून अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. मग सिलिकॉनच्या तुकड्याचा पीक ५२०.५ ला आहे का बघा. पण सिलिकॉन फक्त एकच जागा तपासतो, आपलं काम त्यापासून बरंच लांब आहे, म्हणून पॉलिस्टायरीनही घ्या, १००१ आणि ३०५४ जागेवर आहेत का बघा. दोन्ही स्पेक्ट्रम तारखेसकट सेव्ह करा. ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी, मिलिमीटरला ६०० ओळींचं घ्या म्हणजे सगळा पट्टा एका फटक्यात येतो.

लेझरची पॉवर सॉफ्टवेअरमध्ये दिसते ती नाही, ऑब्जेक्टिव्हखाली पॉवर मीटर ठेवून मोजलेली लिहा. १० ते २० मिलिवॉट, अर्धा ते एक सेकंद, इथून सुरू करा. एका नको असलेल्या पेशीवर एकाच जागी लागोपाठ दहा स्पेक्ट्रम घ्या. पहिला आणि दहावा एकावर एक ठेवले तर जुळले पाहिजेत. दहाव्यात १३५० आणि १५८० ला रुंद फुगवटे आले असतील तर पेशी जळतेय, ती कार्बनची खूण आहे, पॉवर खाली आणा.

८. मोजणी

४० बाय ४० मायक्रॉनचा चौकोन, १ मायक्रॉनची पावलं, म्हणजे १६०० जागा. एका सेकंदाने २७ मिनिटं. पाऊल अर्ध्या मायक्रॉनचं केलं की ६४०० जागा आणि पावणेदोन तास. एवढ्या वेळात फोकस सरकतो, म्हणून पहिल्यांदा एक मायक्रॉननेच करा, थेंबांची जागा कळली की त्या छोट्या भागात बारीक पावलं. एसआरएस म्हणजे स्टिम्युलेटेड रामन मिळत असेल तर तीच चित्रं सेकंदांत होतात, पण एका वेळी एकच कंपन बघता येतं, अख्खा स्पेक्ट्रम सहज मिळत नाही, त्यामुळे आधी साधं रामन शिका.

पेशी निवडताना फसगत होते. डोळा आपोआप थेंब भरपूर असलेल्या पेशीकडे जातो. मी दुसऱ्या कुणाकडून डिशवर नुसते नंबर घालून घेते, कुठली डिश कुठली ते मला मोजून होईपर्यंत माहीत नसतं, आणि चकतीवर आधीच ठरवलेल्या जागांवर ज्या पेशी सापडतील त्याच मोजते.

प्रत्येक नकाशाबरोबर शेजारच्या रिकाम्या जागेतला, त्याच उंचीवरचा नुसत्या पीबीएसचा स्पेक्ट्रम घ्याच. वर मी मैदान रिकामं आहे म्हटलं, पण पाण्याचा एक अशक्त, रुंद फुगवटा बरोबर २१३० च्या आसपास असतो, लेबल कमी असेल तेव्हा तोच लेबल म्हणून मोजला जातो. २३३० ला बारीक पीक दिसला तर तो हवेतल्या नायट्रोजनचा, त्याने बिचकू नका.

९. डेटा

क्रम असा: कॉस्मिक रेचे (अवकाशातून कॅमेऱ्यावर आदळणाऱ्या किरणांचे) टोकदार काटे काढा, वेव्हनंबर जुळवा, पीबीएस वजा करा, बेसलाइन (खालचा चमकेचा चढ-उतार) काढा, मग पट्ट्यांचं क्षेत्रफळ. लेबलसाठी २०४० ते २३००, साध्या कार्बन-हायड्रोजनसाठी २८०० ते ३०५०. लेबल भागिले दोघांची बेरीज, हा प्रत्येक जागेचा आकडा. यामुळे पेशी जाड की पातळ, फोकस किंचित वर की खाली, याचा परिणाम बराच कमी होतो. सगळ्या स्पेक्ट्रमला डोळे मिटून नॉर्मलाइझ करू नका, म्हणजे सरसकट एका मापात बसवू नका, चरबी वाढली की बाकी सगळं खोटंच कमी झाल्यासारखं दिसतं. प्रथिनांचा अंदाज हवा असेल तर १००३ चा फेनिलअलनिनचा पीक भरवशाचा.

आणि आकडेशास्त्र. ३० पेशी, प्रत्येकी १६०० जागा, ४८,००० स्पेक्ट्रम. पण तुमचा एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, ४८,००० नाही, ३० पण नाही. मेदपेशी किती वेळा स्वतंत्रपणे पहिल्यापासून तयार केल्या, तो तुमचा एन. तीन वेळा केल्या तर तीन. मशीन लर्निंग लावणार असाल तर एका खेपेचे स्पेक्ट्रम शिकवण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे येऊ देऊ नका, एक अख्खी खेप बाजूला ठेवून तिच्यावर तपासा. नाहीतर प्रोग्राम पेशी ओळखायच्याऐवजी त्या दिवशीचा लेझर ओळखायला शिकतो आणि अचूकता मात्र ९९ टक्के दाखवतो.

१०. पीक आला किंवा नाही आला, तर काय म्हणायचं

पीक रिकाम्या इन्सर्टपेक्षा तीनही खेपांत स्पष्ट जास्त आला, तर मेदपेशींकडून चरबी आली असं म्हणता येतं. कुठल्या रूपात ते रामन सांगत नाही, ट्रायग्लिसराइड की फॉस्फोलिपिड यासाठी त्याच डिशच्या जोडीदार डिश मास स्पेक्ट्रोमेट्रीला द्या. कुठल्या दाराने आली ते बघायला मेदपेशीतली चरबी सोडणारं लायपेज अडवून बघा, किंवा कॅन्सरच्या पेशीतलं एफएबीपी-४, म्हणजे फॅटी ॲसिड वाहून नेणारं प्रथिन, अडवून. पीक खाली आला तर तुमची कहाणी पक्की होते.

पीक आलाच नाही तर देवाणघेवाण नाही असं लगेच लिहू नका. कॅन्सरची पेशी ती चरबी जाळत असेल तर कार्बन-ड्युटेरियमचे बंध तुटतात, ड्युटेरियम पाण्यात निघून जातो आणि पीक नाहीसा होतो. जी पेशी सगळ्यात जास्त घेते आणि लगेच जाळते ती रामनखाली रिकामी दिसू शकते. म्हणून एका डिशमध्ये चरबी मायटोकॉन्ड्रियात जायची वाट अडवणारं एटोमॉक्सिर घाला, कमी मात्रेत, कारण मात्रा वाढली की ते भलतीकडेही परिणाम करतं. एटोमॉक्सिरवाल्या डिशमध्ये पीक उगवला आणि साध्या डिशमध्ये नव्हता, तर चरबी येत होती आणि जळत होती. माझ्याकडे ४८ तासांच्या डिश २४ तासांपेक्षा फिक्या निघाल्या तेव्हा मला वाटलं होतं परत धुण्यातच काहीतरी चुकलं. एटोमॉक्सिर घातल्यावर त्याच ४८ तासांच्या पेशींत केंद्रकाभोवती लेबलचे थेंब कडं करून बसलेले दिसले, आणि त्या दिवशीचा रिकामा इन्सर्ट सपाट होता.